पडद्यावर एक गाडी, कोडमध्ये दुसरी: नागपूरच्या एका वजनकाट्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात कळमन्याच्या बाजाराच्या आसपास डाळ मिल पुष्कळ आहेत. त्यातल्या एका मिलची ही गोष्ट आहे. मिलच्या फाटकाशी साठ टनी वजनकाटा आहे. त्याचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर धंतोलीतलं आमचं चार जणांचं ऑफिस सांभाळतं. मूळ सॉफ्टवेअर आमचं नाही. ते आधी व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या भाषेत होतं, मग कोणीतरी सी शार्प ही भाषा आणि विनफॉर्म्स (विंडोजवर खिडक्या-बटणं बनवायची मायक्रोसॉफ्टची सोय) यांत जवळपास जसंच्या तसं उतरवलं आणि काही वर्षांनी ते आमच्याकडे आलं. मालकांच्या विनंतीवरून मिलची ओळख गाळली आहे.

काम वरवर सोपं आहे. तुरीने भरलेला ट्रक काट्यावर येतो, त्याचं भरलेलं वजन घेतलं जातं. मग तो गोदामाशी जाऊन माल उतरवतो आणि परत येतो, तेव्हा रिकामं वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे माल. या दोन वजनांत कधी एक तास जातो, कधी अर्धा दिवस. त्यामुळे हंगामात कुठल्याही क्षणी दहा-बारा गाड्या ‘अर्धवट’ असतात आणि पडद्याच्या डाव्या बाजूच्या यादीत दिसत राहतात, सगळ्यात नवी गाडी सगळ्यात वर. काट्यावरचा माणूस यादीतून गाडी निवडतो. उजवीकडे गाडी क्रमांक, पार्टीचं नाव आणि पहिलं वजन उमटतं. ‘स्थिर’चा हिरवा दिवा लागला की तो ‘वजन घ्या’ दाबतो आणि पट्टी छापतो.

फाटकाच्या केबिनमध्ये दुसरा कॉम्प्युटर आहे. आत येणाऱ्या गाडीची नोंद तिथे होते आणि तीही याच यादीत येते. काट्यावरचा कॉम्प्युटर दर वीस सेकंदांनी डेटाबेस वाचून यादी नव्याने भरतो. पुढे जे झालं त्यात या वीस सेकंदांचा मोठा हात आहे.

काय घडलं

फेब्रुवारी २०२५, तुरीचा भर हंगाम. उमरेडकडच्या एका शेतकरी गटाने आपली पट्टी मिलच्या ऑफिसात आणून टेबलावर ठेवली आणि शांतपणे सांगितलं की वजन कमी आहे. गटाने २०३ पोती मोजून भरली होती, पन्नास किलोच्या भरतीची. म्हणजे माल १०,१५० किलो, वर बारदानाचे शंभर-सव्वाशे. पट्टीवर निव्वळ वजन होतं ९,८०० किलो.

मिलने दुसऱ्या दिवशी तो ट्रक बोलावून रिकामा तोलला. वजन भरलं ५,७२० किलो. पट्टीवर मात्र रिकामं वजन ६,१८० लिहिलेलं. भरलेलं वजन १५,९८० बरोबर होतं, म्हणजे खरा माल १०,२६०. फरक ४६० किलोचा. त्या हंगामाचा तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. त्या हिशेबाने ३४,७३० रुपये. मिलने रक्कम लगेच चुकती केली, याबद्दल मालकांना मानायला हवं. पण गटातल्या एका वयस्कर शेतकऱ्याने विचारलं, “आमी पोते मोजले म्हणून समजलं. ज्यानं मोजले नसन, त्याचं काय जी?” हा प्रश्न आम्ही ऑफिसातल्या फळ्यावर लिहून ठेवला होता, काम संपेपर्यंत.

कारण शोधताना

पहिला संशय काट्यावर गेला. पण काट्याचं वैधमापन विभागाचं शिक्कामोर्तब ताजं होतं आणि त्याच दिवशीच्या बाकी गाड्या बरोबर होत्या. मग आम्ही डेटाबेस उघडला. तिथे त्या दुपारी दोन वेगळ्या ट्रकांचं रिकामं वजन किलोला किलो सारखं दिसलं, ६,१८० आणि ६,१८०, दोन मिनिटांच्या अंतराने. गटाच्या गाडीला इथे दुसरी गाडी म्हणू. तिच्या रिकाम्या वजनाची वेळ होती १२:४१. त्या वेळी ती गोदामाशी उभी होती, हमाल पोती उतरवत होते. काट्यावर होती पहिली गाडी.

म्हणजे पहिल्या गाडीचं रिकामं वजन दुसरीच्या खात्यात पडलं होतं. पहिली यादीत तशीच अर्धवट दिसत राहिली, म्हणून काट्यावरच्या भाऊंनी तिचं वजन पुन्हा घेतलं आणि या खेपेला ते जागेवर पडलं. दुसरी गाडी आली तेव्हा पाळी बदललेली होती. ती ‘पूर्ण’ यादीत दिसली. संध्याकाळच्या माणसाला वाटलं, वजन झालंय, छापायचं राहिलंय. त्याने पट्टी छापून दिली.

ऑफिसात बसून हे घडवून आणायला आम्ही एक अख्खा दिवस घालवला. जमलं नाही. आमच्याकडे फाटकाचा दुसरा कॉम्प्युटरच नव्हता, मग यादीत नवी गाडी येणार कुठून? शेवटी आमच्यातला एक जण काट्याच्या खोलीत स्टूल टाकून बसला. तासाभरात भाऊंनीच सांगितलं, “हे तं रोजचंच हाय सायेब. यादी खाली सरकून जाते, मंग मी दुसऱ्या गाडीवर क्लिक करून वापस येतो. त्या दिवशी घाईत राहून गेलं असन.”

दोष असा होता. यादी नव्याने भरताना निवड हरवू नये म्हणून जुन्या प्रोग्रामरने निवडलेल्या ओळीचा क्रमांक लक्षात ठेवून, यादी भरल्यावर त्याच क्रमांकाची ओळ पुन्हा निवडली होती. फाटकावर नवी गाडी नोंदली गेली की सगळी यादी एका ओळीने खाली सरके. आधी तिसऱ्या ओळीवर पहिली गाडी होती, आता तिथे दुसरी. निळा पट्टा मात्र तिसऱ्या ओळीवरच. नजरेला काहीच हललेलं वाटत नाही.

एवढ्याने उजवी बाजू तरी बदलायला हवी होती. पण ग्रिडची, म्हणजे या यादीच्या तक्त्याची, निवड माणसाने बदलली काय किंवा कोडने बदलली काय, विनफॉर्म्स एकच घटना (‘निवड बदलली’ असा संदेश) पाठवतं. यादी भरताना ही घटना उगाच उठू नये म्हणून ‘भरणं चालू आहे’ असा एक ध्वज (हो-नाही खूण) होता आणि तो असेपर्यंत उजवी बाजू हलत नसे. म्हणून उजवीकडे क्रमांक पहिल्या गाडीचा, वजन पहिल्या गाडीचं, आणि ‘वजन घ्या’ दाबल्यावर कोड गाडी उचलणार ग्रिडच्या चालू ओळीवरून, म्हणजे दुसरी. भाऊंनी जे वाचलं ते बरोबर वाचलं होतं. त्यांची चूक यात एवढीही नाही.

शोधता शोधता आणखी एक ओळ सापडली. काट्याकडून सिरियल पोर्टवर (वायर जोडायच्या जागी) येणारं वजन वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, येतं आणि विनफॉर्म्सचे कंट्रोल (बटणं, लेबलं, चौकटी) फक्त मुख्य थ्रेडवरूनच हलवायचे असतात. चुकून दुसऱ्या थ्रेडवरून हलवले तर डीबगर (कोडमधले दोष शोधायचं साधन) जोडलेला असताना स्पष्ट एरर येते, डीबगर नसेल तर मूळ सेटिंगप्रमाणे ही तपासणी होत नाही. जुन्या कोडमध्ये ती तपासणीच एका ओळीने बंद करून टाकलेली होती. हिरवा दिवा कधी कधी वजनाच्या मागे का राहतो, याचं उत्तर तिथे मिळालं.

पहिला निर्णय: सॉफ्टवेअर चालू ठेवायचं की नाही

दुरुस्तीला दिवस लागणार होते आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती. आम्ही सॉफ्टवेअर चालू ठेवलं आणि सोबत कागदी रजिस्टर सुरू केलं. प्रत्येक वजन हाताने लिहायचं आणि संध्याकाळी ताळा घ्यायचा. बारा दिवस हे चाललं. त्यात याच जातीची आणखी एक चूक सापडली, पट्टी छापण्याआधीच. रजिस्टर उपयोगी पडलं, पण सगळा भार भाऊंवर पडला.

आज मी वेगळं सुचवलं असतं. यादी सरकण्याचं मूळ फाटकावरच्या नोंदीत होतं. बारा दिवस फाटकावरची नोंद कागदावर घेऊन ती काट्यावरच केली असती तर रांग थोडी वाढली असती, पण धोका जवळजवळ संपला असता. कारण कळल्याच्या संध्याकाळी हा विचार आम्हाला सुचायला हवा होता. आम्ही थेट दुरुस्तीच्या मागे लागलो.

समोरचे पर्याय

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ओळीच्या क्रमांकाऐवजी गाडीच्या नोंद क्रमांकावरून निवड परत बसवायची. दहा ओळींचं काम. ते आम्ही त्याच रात्री लिहून ठेवलं. पण तिथेच थांबायला माझं मन तयार नव्हतं. त्या एका खिडकीच्या कोडमध्ये बटणं सुरू-बंद करणाऱ्या ६१ ओळी होत्या, वेगवेगळ्या घटनांमध्ये विखुरलेल्या. प्रत्येक ओळ म्हणजे प्रोग्राम कुठल्या स्थितीत आहे याचा एक अंदाज. कोणतीही एक ओळ लिहायची राहिली की पडदा आणि खरी स्थिती यांची फारकत. हा दोष मिटला असता, पुढचा कुठे दबा धरून बसलाय ते कळलं नसतं.

दुसरा पर्याय टायमर. दर अर्ध्या सेकंदाला सगळा पडदा नव्याने रंगवायचा. आमच्यातल्या एकाचं यावर खूप मन होतं. पण अर्धा सेकंद काट्यावर लहान नसतो, सवयीचा हात तेवढ्यात दोन बटणं दाबतो. शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं: पडद्याला काय दाखवायचं हे ठरवणारी एक जागा नाहीच.

तिसरा पर्याय डेटा बाइंडिंग. गाडीची नोंद हा एक ऑब्जेक्ट (माहिती एकत्र ठेवणारा कोडमधला घटक), त्याचा एखादा गुण बदलला की तो स्वतः कळवतो आणि जोडलेले कंट्रोल बदलतात. डॉट नेट २.० मध्ये, म्हणजे २००५ पासून, ही सोय आहे. नवं लिहायचं असतं तर मी हेच घेतलं असतं. पण जुन्या कोडमध्ये गाडीचा ऑब्जेक्टच नव्हता, स्थिती लेबलांच्या मजकुरातच राहायची! पहिलं वजन हवं असेल तर कोड लेबल वाचून त्याचा आकडा करत असे.

चौथा पर्याय जुना आहे आणि मला तो मनापासून आवडतो. प्रोग्राम हातातले सगळे संदेश संपवून मोकळा झाला की विचारायचं: आत्ताची स्थिती पाहता कोणतं बटण चालू असावं? मायक्रोसॉफ्टच्या एमएफसी या जुन्या लायब्ररीत टूलबारची बटणं अशीच रिकाम्या वेळी तपासली जात आणि मेन्यूतल्या ओळी मेन्यू उघडताना. डेल्फी या प्रोग्रामिंग साधनाच्या ॲक्शन लिस्टमध्येही हाच विचार आहे. विनफॉर्म्समध्ये त्यासाठी ‘आयडल’ ही घटना मिळते. यात कुठल्याही कोडने बटणाला हात लावायचा नसतो. कोडने फक्त स्थिती बदलायची, बटणं मागोमाग येतात.

सगळं नव्याने वेब किंवा डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टची विनफॉर्म्सनंतरची सोय) लिहायचा प्रस्ताव मालकांनीच मांडला होता. हंगाम चालू असताना तो आम्ही नाकारला.

काय केलं

आधी स्थितीला घर दिलं. जुन्या कोडमध्ये पाच हो-नाही चल (व्हेरिएबल) होते: गाडी निवडली का, वजन स्थिर का, पहिलं वजन झालं का, दुसरं झालं का, पट्टी छापली का. पाच हो-नाही म्हणजे ३२ जोड्या. कागदावर मांडून पाहिलं तेव्हा त्यातल्या अर्थाच्या फक्त सात निघाल्या. उरलेल्या कधी घडूच नयेत अशा. सात अवस्थांची नावं लिहिली आणि पाचही चल काढून टाकले. निवडलेली गाडी ही आता ग्रिडची मालमत्ता राहिली नाही. ती नोंद क्रमांकाने एका जागी असते आणि ग्रिडचा निळा पट्टा त्याप्रमाणे हलतो. यादीत क्लिक झालं की ग्रिड फक्त सांगतो, ‘या क्रमांकाची गाडी मागितली आहे’.

मग ६१ ओळी काढल्या. त्यांच्या जागी एक फंक्शन आलं, आयडलवर चालणारं, सगळा पडदा स्थितीवरून ठरवणारं. सिरियल पोर्टच्या थ्रेडवरून आलेलं वजन आधी मुख्य थ्रेडकडे पाठवायचं, मगच स्थितीत लिहायचं. तो संदेश हाताळून झाला की आयडल आपोआप उठतं, त्यामुळे दिवाही वजनासोबत राहतो.

दुसरा मोठा निर्णय करड्या, म्हणजे बंद असलेल्या, बटणाबद्दल होता. भाऊंची तक्रार अशी: “बटन मरून पडते, काहून ते सांगत नाय.” मग माणूस ते दहादा दाबतो, नाहीतर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडतो. आमच्यात वाद झाला. एकाचं म्हणणं, बटण कायम चालू ठेवा, दाबल्यावर कारण सांगा. मला ते काट्यावर योग्य वाटेना. तिथे बटणाकडे न बघता हात चालतो. शेवटी प्रत्येक कृतीसाठी एक फंक्शन ठरलं, ते अडथळा मजकुरात परत देतं: ‘गाडी अजून हलते आहे’, ‘यादीतून गाडी निवडा’, ‘रिकामं वजन बाकी आहे’. मजकूर रिकामा असेल तर बटण चालू, नाहीतर बटण बंद आणि तोच मजकूर बटणाखाली लाल अक्षरात. बटण आणि कारण एकाच उगमातून येतात, म्हणून त्यांच्यात कधी तंटा होत नाही. ‘वजन घ्या’ दाबल्यावर कृती सुरू होण्याआधी तेच फंक्शन पुन्हा एकदा विचारलं जातं, कारण शेवटचं आयडल आणि बोट यांच्यामध्येही स्थिती बदलू शकते.

‘वजन घ्या’वरच गाडीचा क्रमांक लिहायची सूचना भाऊंची. आता बटणावर शब्दशः येतं: ‘वजन घ्या’ आणि त्याखाली त्या गाडीचे शेवटचे चार आकडे. या कामातली सगळ्यात चांगली सूचना हीच होती.

वाटेत काय बिघडलं

तीन गोष्टी बिघडल्या आणि त्या पुढच्याने टाळाव्यात म्हणून सविस्तर लिहितो.

आयडलच्या फंक्शनमध्ये आम्ही फाटकावर किती गाड्या थांबल्यात हे डेटाबेसला विचारत होतो. माउस हलला की संदेश येतात, संदेश संपले की आयडल उठतं, म्हणजे माउस फिरेल तितक्या वेळा डेटाबेसची फेरी. पडदा चिकट झाल्यासारखा वाटू लागला. नियम केला: या फंक्शनमध्ये फक्त मेमरीतली स्थिती वाचायची, बाहेर कुठे जायचं नाही. त्याच सुमारास लक्षात आलं की आयडल ही सगळ्या प्रोग्रामची सामाईक घटना आहे. खिडकी बंद करताना त्या घटनेच्या यादीतून तिचं नाव काढून घेतलं नाही तर बंद केलेली खिडकीही मेमरीत अडकून राहते.

दुसरी गोष्ट फोकसची, म्हणजे कीबोर्ड सध्या कुठल्या बटणावर किंवा चौकटीवर चालतो त्याची. ‘वजन घ्या’ दाबल्यावर ते बंद होणार हे बरोबर. पण ज्या बटणावर फोकस आहे तेच बंद केलं की विनफॉर्म्स फोकस पुढच्या कंट्रोलवर ढकलतं आणि आमच्याकडे पुढचं बटण ‘रद्द करा’ होतं. भाऊंचा हात एंटरवर दोनदा पडतो, ही वर्षानुवर्षांची सवय. चाचणीच्या पहिल्याच दिवशी ताजं घेतलेलं वजन रद्द झालं. नशिबाने गाडी काट्यावरच होती. आता वजन घेतलं की कोड मुद्दाम फोकस ‘पट्टी छापा’वर नेतो आणि ‘रद्द करा’ टॅबच्या क्रमात शेवटी आहे, विचारल्याशिवाय ते चालत नाही.

तिसरी गोष्ट पार्टीच्या तपशिलाच्या छोट्या खिडकीत झाली. तिथे आम्ही बाइंडिंग वापरलं होतं. ओलाव्याची कपात टाइप करून माणूस टूलबारवरचं ‘सेव्ह’ दाबतो, पट्टीवर मात्र जुनीच कपात. विनफॉर्म्समध्ये बाइंडिंग मुळात कंट्रोलमधून बाहेर पडताना किंमत ऑब्जेक्टकडे पोचवतं आणि टूलबारचं बटण फोकस घेतच नाही. म्हणजे चौकटीतून कोणी बाहेर पडलेलंच नसतं. पडद्यावर नवा आकडा, ऑब्जेक्टमध्ये जुना. जो आजार बरा करायला निघालो होतो तोच दुसऱ्या दाराने आत आला. सेव्ह करण्याआधी फॉर्म व्हॅलिडेट करून (भरलेलं तपासून) चालू संपादन संपवायचं, असा उपाय केला. कपातीच्या चौकटीपुरतं प्रत्येक अक्षरासोबत किंमत पोचवण्याचं सेटिंगही लावलं.

निष्पत्ती

नवी आवृत्ती मार्चमध्ये काट्यावर गेली. रजिस्टर आणखी तीन आठवडे चालू ठेवलं, रोज ताळा घेतला, एकही वजन चुकीच्या गाडीवर पडलं नाही. त्या आधीच्या तीन महिन्यांच्या नोंदीही आम्ही तपासल्या. एकामागोमाग एक सारखी रिकामी वजनं शोधली तेव्हा आणखी दोन संशयास्पद पट्ट्या मिळाल्या. एकीत नुकसान मिलचं होतं, दुसरीत एका व्यापाऱ्याचं. दोघांनाही कळवलं.

मे महिन्यात मी भेटीला गेलो तेव्हा भाऊ अजूनही दुसऱ्या गाडीवर क्लिक करून परत येत होते. गरज उरली नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. सवय मोडायला त्यांना पावसाळा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे की दोष आम्हाला आधीच सांगितला गेला होता. त्याआधीच्या दिवाळीच्या सुमारास भाऊंनी फोनवर म्हटलं होतं, “यादी जरा सरकते.” आमच्या वहीत ते ‘दिसण्याची किरकोळ बाब’ म्हणून लिहिलं गेलं आणि मागे पडलं. “सरकली की मग तुम्ही काय करता?” एवढं विचारलं असतं तरी दुसऱ्या गाडीवर क्लिक करून परत येण्याचा त्यांचा वळसा कळला असता. आता तक्रारीच्या वहीत ‘माणूस सध्या काय वळसा घेतो’ असा वेगळा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय तक्रार किरकोळ ठरवता येत नाही.

दुसरं, काट्याकडून आलेली कच्ची वजनं वेळेसह कुठेच साठवलेली नव्हती. ती असती तर १२:४१ ला काट्यावर कोण होतं हे शोधायला हमालांच्या आठवणीवर विसंबावं लागलं नसतं आणि ट्रक पुन्हा बोलवायची गरज पडली नसती. आता साठवतो, नव्वद दिवस.

छपाईपूर्व खिडकी अजून जुन्याच पद्धतीची आहे. ती उघडताना पट्टीची प्रत घेते आणि मागे नोंद बदलली तरी तीच प्रत दाखवत राहते. सध्या ती उघडी असेपर्यंत मागची खिडकी आम्ही अडवून ठेवतो. हे तात्पुरतं आहे. पुढची तूर यायच्या आत ती बदलायची, असं मालकांशी ठरलं आहे.